फ्रेटलेस बास : जाकोशिवाय कोणाला ऐकू, आणि आधी काय ऐकू?

चिपळूणचा_बास
मंडळी नमस्कार. कॉलेजपासून साधा फ्रेटवाला, म्हणजे धातूचे पडदे असलेला, बास गिटार वाजवतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, एरवी मित्रांचा रॉक बँड. नुकताच पुण्यातून जुना फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्यांचा, घेतला. चार तारी, बोटं दाबायची पट्टी रोझवुडची, फ्रेटच्या जागी बारीक रेषा. घरी आणल्यापासून अमेरिकन बासवादक जाको पास्टोरियसचं 'डोना ली' लावतो आणि मग बास हातात घ्यायचा धीर होत नाही. प्रत्येक सूर घसरवत नेला की मला मस्त वाटतं, पण आमचा कीबोर्डवाला म्हणतो, बेसूर होतंय. टॉप टेनच्या याद्या भरपूर मिळाल्या, त्या नकोत. ज्यांना ऐकून तुमचा स्वतःचा हात बदलला अशांची नावं सांगा.

खर्जातली_मीरा
'डोना ली' सध्या बाजूला ठेवा. जाकोला ठेवू नका.

मी आधी गाणं शिकले, बास नंतर आला, म्हणून माझं ऐकणं थोडं त्या बाजूचं आहे. 'डोना ली' हा जाकोच्या 1976 च्या पहिल्या अल्बममधला पहिलाच ट्रॅक. सोबतीला फक्त डॉन अलायसचे काँगा. बीबॉप या वेगवान जॅझ शैलीची सुरावट त्या वेगात बासवर ऐकून तेव्हाचे बासवाले हादरले, आणि ते बरोबरच होतं. पण त्या वेगात एकेक सूर इतका आखूड आहे की फ्रेटलेस शिकणाऱ्याच्या कानाला धरायला काही मिळत नाही. त्याच अल्बममधलं 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' अप्रतिम आहे, पण ते जवळजवळ सगळं हार्मोनिक्सवर, म्हणजे तारेला नुसतं हलकं बोट लावून निघणाऱ्या उंच सुरांवर, उभं आहे. तेही नंतर.

त्याच वर्षी गायिका जोनी मिचेलचा 'हेजिरा' हा अल्बम आला. त्यातल्या चार गाण्यांत जाको आहे. 'कायोटी' लावा आणि तो कधी वाजवत नाही ते ऐका. जोनी गिटारवर अखंड चालत राहते, शब्द धावत असतात, आणि जाको वाट बघतो. ओळ संपली की वरून एक लांब सूर येतो, खाली उतरतो, परत गप्प. 'हेजिरा' या शीर्षकगीतात त्याचे एकावर एक रचलेले बास आहेत. हेडफोन लावून ऐका, नाहीतर निम्मं निसटतं.

मग जाको ज्यात वाजवायचा त्या वेदर रिपोर्ट या बँडचं 'अ रिमार्क यू मेड', 1977. बँडचा कीबोर्डवादक झाविनुल याची रचना. बास इथे गायकाच्या जागी उभा आहे, वेन शॉर्टरच्या टेनर सॅक्सोफोनच्या शेजारी. एकच गोष्ट टिपा : लांब सूर आधी सरळ लागतो, स्थिर होतो, आणि मग शेवटाकडे त्यात हलकं आंदोलन येतं. आमच्या बाईंनी गाण्यात हेच करून घेतलं होतं. आधी षड्ज लाव, मग काय हलवायचं ते हलव. तुमचा कीबोर्डवाला ज्याबद्दल तक्रार करतोय त्याचं मूळ इथेच असावं. सगळेच सूर घसरत आले तर एकही सूर लागत नाही. मींड दोन ठाम स्वरांमध्येच शोभते.

तो आवाज येतो कसा, हेही कळलं तर हात लवकर सुधारतो. जाकोचा बास 1962 चा फेंडर जॅझ. फ्रेट काढलेले, खाचा बुजवलेल्या आणि वर बोटींसाठी वापरतात तशा इपॉक्सीचा कडक लेप. त्यावर राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या वेढ्यांच्या खरखरीत, तारा, आणि आवाज टिपणारा पिकअप ब्रिजकडचा. तार पट्टीच्या अगदी जवळून कंप पावते आणि कडक पृष्ठभागाला हलकेच घासत राहते, म्हणून सूर सुटल्यावर उमलत जातो. तंबोऱ्याची जवारी लागली की तार घोडीवर घासून जशी बोलते, तोच प्रकार. तार फार उंच ठेवलीत तर हे मिळणार नाही.

आता दुसरी नावं. पिनो पॅलाडिनो, कार्डिफचा. गायक पॉल यंगचं 'व्हेअरएव्हर आय ले माय हॅट', 1983. गाण्याची सुरुवातच त्याच्या बासने होते आणि गायक येईपर्यंत गाणं कोणाचं आहे हे ठरून गेलेलं असतं. तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवता म्हणून हे मुद्दाम सांगते : गायकाला धक्का न लावता बासने कसं गावं याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

आणि माझ्या सगळ्यात जवळचा, मिक कार्न. जन्म सायप्रसचा, वाढला लंडनमध्ये, बँडचं नाव जपान. 1981 चा 'टिन ड्रम' ऐका. हा माणूस बासच्या नेहमीच्या कामाला जवळजवळ हातच लावत नाही. कॉर्डचा मूळ स्वर धरून ठेवायचा, बास ड्रमला चिकटून राहायचं, हे त्याच्याकडे नाही. 'व्हिजन्स ऑफ चायना'मध्ये त्याची ओळ ड्रमच्या भोवती वळत राहते आणि तरी पायाखालची जमीन हलत नाही. त्याचा बास वॉल कंपनीचा, आवाज जाकोहून जाड आणि रबरी. जाकोची नक्कल जगभर झाली, कार्नची करून बघा, दोन मात्रांत उघडे पडतो आपण. 2011 मध्ये तो गेला. त्याचं नाव याद्यांमध्ये इतकं खाली का असतं हे मला आजही समजत नाही, आणि त्याचा मला खरोखर राग येतो.

मेटल_मिरज
मीराताईंनी हेवी मेटल वगळलं म्हणून लिहितो. स्टीव्ह डी जॉर्जिओ : डेथ या बँडचा 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स', 1993. डिस्टॉर्शन लावलेल्या दोन कर्कश गिटारी आणि जीन होगलानच्या ड्रमखाली फ्रेटलेस स्वच्छ ऐकू येतो. त्याच वर्षीचा सिनिक या बँडचा 'फोकस', बासवर शॉन मलोन. जॅझ-रॉक हवं तर ब्रँड एक्स या बँडचा पर्सी जोन्स. 1976 चा 'अनऑर्थोडॉक्स बिहेविअर', ड्रमवर फिल कॉलिन्स.

जुना_रेकॉर्डवाला
जाकोपासूनच सगळं सुरू झालं असं नव्या मुलांना वाटतं, म्हणून थोडं मागचं. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने 1961 च्या सुमारास एका स्वस्त बासचे फ्रेट उपटले होते. अँपेग कंपनीने 1966 मध्ये फ्रेटलेस बास बाजारात आणला, फेंडरचा 1970 मध्ये आला. 'द बँड'चा रिक डँको अँपेगचा फ्रेटलेस वाजवायचा.

आणि बाकिथी कुमालोला विसरू नका, सोवेटोचा. पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड'मध्ये, 1986. 'यू कॅन कॉल मी अल'मधला तो धावता तुकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याचा उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धाचीच टेप उलटी फिरवलेली आहे, त्यामुळे हुबेहूब वाजवायचा हट्ट नको. मला त्यापेक्षा 'डायमंड्स ऑन द सोल्स ऑफ हर शूज'मधला त्याचा बास जास्त आवडतो, गाण्याच्या पोटातून येतो तो. आपल्याकडचं नाव हवं असेल तर चेन्नईचे कीथ पीटर्स. रहमानच्या कितीतरी गाण्यांत बास त्यांचा आहे.

चिपळूणचा_बास
सगळ्यांचे मनापासून आभार. 'कायोटी' रात्री दिवे घालवून ऐकलं. मीराताई, दोन शंका. बोट रेषेवर ठेवू की रेषेच्या मागे? आणि कीबोर्डशी सूर जुळवायचा सराव कसा करू?

खर्जातली_मीरा
बोट रेषेवरच. फ्रेटवाल्या बासवर आपण पडद्याच्या थोडं मागे दाबतो, कारण सूर पडदा ठरवतो. इथे बोटाचं टोक हाच पडदा. ती मागे दाबायची सवय राहिली की सगळं थोडं उतरलेलं वाजतं. चौतीस इंची बासवर पहिलं घर साधारण 48 मिलिमीटरचं असतं आणि बाराव्या रेषेच्या पुढचं त्याच्या निम्मं, 24 चं. म्हणजे वर जाल तशी तेवढ्याच चुकीची किंमत दुप्पट. महिनाभर पाचव्या रेषेच्या खालीच राहा.

सरावाला तंबोऱ्याचं ॲप लावा. षड्ज, पंचम, वरचा षड्ज, प्रत्येक सूर चार मात्रा सरळ धरायचा, बोट हलवायचं नाही. गंधाराला मात्र सावध. तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. घरी तंबोऱ्याचा लावा, स्टेजवर कीबोर्डचा. तिथे त्याच्याशी भांडून उपयोग नाही, त्याला आपला सूर हलवता येत नाही आणि आपल्याला येतो.

तारांचं विचारलं नाहीत तरी सांगते. तुमची पट्टी रोझवुडची आणि लेप नसलेली असेल तर राउंडवाउंड तारा तिला खात जातील. फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेढ्यांच्या गुळगुळीत तारा लावा. जाकोची ती गुरगुर कमी होईल, पण पट्टी टिकेल आणि पिनोच्या गाण्यासाठी लागतो तो गोलवा मिळेल. तारा बदलल्या की नेकचा ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारा आतला धातूचा दांडा) जाणकाराकडून बघून घ्या, कारण तारांचा ताण बदलतो.

चिपळूणचा_बास
फ्लॅटवाउंड मागवल्या. तोवर आहे त्या तारांवर षड्ज-पंचम सुरू केलंय. आज कीबोर्डवाल्यालाच समोर बसवून एकेक सूर धरायला लावणार आहे.