ऑनलाइन शिकून छावणीत काय करणार?

आपत्तीतल्या वैद्यकीचा ऑनलाइन कोर्स म्हटलं की ‘अशी कामं हातानं शिकायची असतात, लॅपटॉपसमोर बसून नव्हे’ असं ऐकायला मिळतं. टाके घालणं, बाळंतपण यांबाबत हे मला पूर्ण पटतं. पण आपत्तीत निम्मं काम मोजण्याचं असतं, आणि ते एमबीबीएसला कुणी नीट शिकवत नाही. मी ग्रामीण रुग्णालयातली ड्युटी सांभाळून असाच एक ऑनलाइन अर्धवेळ कोर्स करतेय. एका संध्याकाळी गणित आलं: २०,००० लोकांची छावणी, १० दिवसांत ३० मृत्यू. एवढ्या मोठ्या वस्तीत हे चालायचंच, असं मला वाटलं. हिशेब केला तर रोज दहा हजारांमागे दीड मृत्यू. आणि रोज दहा हजारांमागे एक ही आणीबाणीची रेघ आहे! ओपीडीत एकेक पेशंट बघताना ही नजर येतच नाही.

दंडाच्या घेराची पट्टीही तशीच. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. आता तपासायला आलेल्या प्रत्येक लहान मुलाला मी ती लावते. वजनकाट्यापाशी रडणारं पोरही दंड देतं.

आणि डॉ. दिलीप महालनबीस आठवा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हातानं पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. पाजणाऱ्यांत बहुतेक कुणी डॉक्टर नव्हतं.