फ्लेकी टेस्टला मराठीत काय म्हणाल?

एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं काम आमच्याकडे, हिंजवडीत, चालू आहे. टेस्टच्या ऑटोमेशनसाठी, म्हणजे वेबसाइट आपोआप तपासून घ्यायला, सेलेनियम हे टूल घ्यावं की प्लेराइट, याचं टिपण संचालक मंडळाला मराठीत द्यायचंय. टूलला 'साधन', टेस्टला 'चाचणी', इथवर गाडी नीट आली. युनिट टेस्टला तर शोधावंच लागलं नाही, शाळेतली 'घटक चाचणी' हजर होती! अडलंय ते 'फ्लेकी'पाशी. 'पावती डाउनलोड करा' या बटणाची टेस्ट सकाळी हिरवी, म्हणजे पास; जेवून येतो तोवर लाल, म्हणजे नापास. कोडला कुणी हातही लावलेला नसतो. ऑफिसात आम्ही 'परत बोंबलली' म्हणतो. टिपणात काय लिहू?

—

'अस्थिर' नको, ती सरकारं असतात. 'लहरी' लिहा. लहरी पाऊस म्हणतोच की आपण.

—

'लहरी' मला पटत नाही. लहरी माणसाच्या वागण्याला कारण नसतं, फ्लेकी टेस्टला असतं. टेस्टच्या पायऱ्या लिहिलेल्या स्क्रिप्टला सांगितलंय तीन सेकंद थांब, सर्व्हरला लागले चार. स्क्रिप्ट येऊन गेली, बटण नंतर उगवलं. स्वारगेटला भेटू म्हणायचं आणि एकानं आतल्या फलाटावर, दुसऱ्यानं बाहेरच्या थांब्यावर उभं राहायचं, तसलं हे. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: चुकामूक.

आणि निवडीचा मुद्दाही तिथेच आहे. प्लेराइट क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, दाबण्याजोगं आहे का, हे स्वतः बघतं. सेलेनियममध्ये ते थांबणं आपण लिहून द्यायचं. 'लहरी' वाचून संचालक म्हणतील, साधनच वाईट.

—

पण सगळा दोष चुकामुकीचा नाही हो. एका टेस्टनं बंद केलेलं खातं दुसरी शोधत बसली, तर कुठलंही टूल आणा, लालच. म्हणून दिसतं त्याला 'बेभरवशाची चाचणी' आणि त्यामागच्या एका कारणाला 'चुकामूक', असे दोन शब्द ठेवा.

जाता जाता, सेलेनियम हे नावही शब्दखेळच आहे. २००४ साली जेसन हगिन्स यांनी ते सुरू केलं तेव्हा बाजारात मर्क्युरी नावाच्या कंपनीची टेस्टिंग टूल्स होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा सेलेनियमचा, असा तो विनोद!

—

'उतारा' झकास. दोन्ही शब्द घेतले. टिपणात आता असं आहे: 'सध्याच्या चाचण्या बेभरवशाच्या आहेत. बहुतेक ठिकाणी कारण चुकामूक आहे. प्लेराइट स्वतः थांबते. सेलेनियम ठेवल्यास थांबण्याच्या अटी आपण लिहाव्या लागतील, मात्र आजवरच्या जावातल्या स्क्रिप्ट वाया जाणार नाहीत.' साहेबांनी 'थांबते' खोडून 'प्रतीक्षा करते' केलंय.

—

परत 'थांबते' करा. प्रतीक्षायादी रेल्वेला राहू दे.