क्रूझवरून नेपल्स, एका दिवसात (अनुभव धागा)

भूमध्य समुद्रातल्या क्रूझची बोट इटलीतल्या नेपल्सला बहुधा सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. तेवढ्यात काय जमतं, घोळ कुठे होतो, ते जाणकारांनी इथे लिहावं. ‘छान आहे, जरूर जा’ नको. स्टेशनांची नावं, वेळा, वाटा हव्यात.

* * *

पोंपेईला (ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर) स्वतःहून जाणाऱ्यांसाठी. बोट ऐन शहरात लागते. समोर कास्तेल नुओवो हा जाड बुरुजांचा किल्ला, त्याच्या अंगाला म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन, चालत दहाएक मिनिटं. लाइन 1 वर तिथून तिसरं स्टेशन गारिबाल्दी. तिथे सर्कमव्हेसुव्हियाना ही लोकल. मेट्रोचं साधं तिकीट तिला चालत नाही, वेगळं काढा. गाडी सोरेंतोचीच हवी. उतरायचं ‘पोंपेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला, 35-40 मिनिटांत. पोज्जोमारिनोच्या गाडीत बसलात तर दुसऱ्याच फाट्यावरच्या पोंपेईला उतराल आणि अवशेषांच्या पोर्ता मारिना या प्रवेशदरवाजापर्यंत तंगडतोड होईल. बरोबर उतरलात तर तो दरवाजा स्टेशनसमोरच आहे.

* * *

यात भर: गाडी गारिबाल्दीच्या एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून सुटते. बसायला जागा हवी तर तिथूनच चढा. गर्दी मुंबईकरांना नवी नाही, पण पाकीट पुढच्या खिशात. आणि आदल्या रात्री ‘शोपेरो’ म्हणजे संप आहे का ते बघा. संपात गाड्या ठरावीक तासांतच धावतात. जाल आणि तिथेच अडकाल.

* * *

पोंपेईच्या अवशेषांत दिवसाला 20,000 च माणसं सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा तिकीट आधी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा. 30×30×15 सेंमीपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, बाहेर ठेवायची सोय आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, म्हणून त्या दिवशी जाऊच नका. तिथल्या प्राचीन रस्त्यांत ओलांडायला मधोमध उंच दगड आहेत. त्यांच्या फटींतून गाड्यांची चाकं जायची. त्या चाकोऱ्या फरसबंदीत चांगल्या खोल झिजल्यात आणि पाय मुरगळतो तो त्यांतच. सपाट चपला नकोत. सावली जवळजवळ नाही. पाण्याचे नळ आहेत, बाटली भरत राहा. तीन तास धरा. व्हिला देई मिस्तेरी ही जुनी हवेली अगदी टोकाला, तटाबाहेर आहे. वेळ कमी असेल तर ती सोडा, फोरम (शहराचा मुख्य चौक) आणि कासा देल फाउनो हा मोठा वाडा सोडू नका.

* * *

हाताशी सहा तासांहून कमी असतील तर पोंपेई विसरा. नेपल्समध्येच चालत स्पाक्कानापोली हा जुन्या शहरातला सरळ रस्ता, सान ग्रेगोरिओ आर्मेनोची गल्ली आणि कापेल्ला सानसेव्हेरो हे छोटं प्रार्थनाघर. इथे 1753 मधला ‘झाकलेला ख्रिस्त’ आहे: एकाच संगमरवरात देह आणि त्यावरची तलम चादर, खालची शीर दिसेल इतकी. फोटोला बंदी. आगाऊ बुकिंग नसेल तर परत फिरावं लागतं. मंगळवारी ही कापेल्ला आणि पुरातत्त्व संग्रहालय दोन्ही बंद. बोट मंगळवारी लागत असेल तर मुकाट्याने पोंपेई.

* * *

शाकाहाऱ्यांनो, पिझ्झ्यात अडचण नाही. मारिनारा पिझ्झ्यात चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. फसवतात ती तराल्ली. दिसायला आपलं कडबोळंच, वर बदाम. पण मिरीवाल्या तराल्लीत मोहन डुकराच्या चरबीचं. ‘सुन्या’ किंवा ‘स्त्रुत्तो’ (दोन्ही म्हणजे तीच चरबी) शब्द दिसला की ठेवून द्या. पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्ला या गोड पदार्थातही पारंपरिक कृतीत तीच असते. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्या, टेबलावर बसलात की दर चढतो.

* * *

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: मार्गात तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असेल आणि पुन्हा इटलीत यायचं असेल तर शेंगेन (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, म्हणजे पुन्हा आत येता येणारा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, त्याची चिंता नको. ग्रीसकडून येताना घड्याळ एक तास मागे जातं. फोन स्थानिक वेळ दाखवतो, बोट आपली. उतरताना जिन्यापाशी लिहिलेल्या ‘ऑल अबोर्ड’ (सगळ्यांनी बोटीवर परतायच्या) वेळेचा फोटो काढून ठेवा आणि पोंपेईहून त्याच्या अडीच तास आधी निघा. एक गाडी रद्द झाली तरी दुसरी मिळते.