‘निवड’ करतं कोण?

सुरंगी: रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेसाठी एक पाठ मराठीत आणतेय. विषय आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातले सिक्लिड मासे. एका जोडीत उथळ पाण्यातल्या जातीचे नर निळसर, खोलवरच्या जातीचे तांबडे. मी लिहिलं, ‘नैसर्गिक निवड आणि लैंगिक निवड मिळून जाती वेगळ्या झाल्या.’ आत्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, “अगो, पण निवडतंय कोण?” लैंगिक निवडीत मादी नर निवडते हे पटतं. पण नैसर्गिक निवडीत कोण तगेल ते पाणी कसं निवडेल?

रापणकर: पाणीच निवडतं, ताई. पावसाळ्यात आमच्या खाडीला तांबडं पाणी येतं तेव्हा निळी दोरी हातभर खाली गेली की काळी दिसते, तांबडा बोया मात्र अजून ओळखू येतो. तुमच्या सरोवरात तेच. गढूळपणा निळा उजेड आधी खातो, खाली तांबडाच उरतो. तिथे ज्याच्या डोळ्याला तांबडं नीट दिसतं तो तगतो. आणि तसा डोळा असलेल्या मादीच्या नजरेत तांबडाच नर भरतो.

सुरंगी: म्हणजे डोळा घडवला पाण्याने आणि नर ठरवला त्याच डोळ्याने! मग दोन्हीकडे ‘निवड’ लिहून चालणार नाही. मादीची ‘पसंती’ म्हणू?

अबोली: ‘वरण’ म्हणा. वर, स्वयंवर, सगळं ‘वृ’ धातूतलं. अर्थ नेमका बसतो.

रापणकर: पोरांना वरण म्हटलं की भात दिसणार. पसंतीच बरी, सोयरीक जुळवताना आपण तोच शब्द वापरतो.

खाजण: त्याआधी ‘जाती’ बदला, ‘प्रजाती’ लिहा. वर्गात ‘जात’ हा शब्द मला टोचतो.

अबोली: साफ चूक. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे वंश (genus), त्याच्या पोटात जाती (species). वर्तमानपत्रांनी हिंदीतून उचललेला घोळ आहे हा.

खाजण: आज चारचौघं प्रजाती म्हणतात, तोच अर्थ. कोश मागून येईल.

अबोली: मग ‘वंश’साठी काय ठेवलंत? एका वंशात शेकडो जाती असू शकतात, दोन्हींना एकच शब्द कसा पुरेल?

सुरंगी: माझं ‘निवड’ राहिलं बाजूला. पाठात पुढे असं आहे की जीवशास्त्रज्ञ ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं, पाणी फार गढूळ झालं की माद्यांना रंग ओळखता येत नाहीत, संकर होतो, वेगळ्या जाती पुन्हा एक होऊ लागतात. म्हणजे पसंतीलाही उजेड लागतो. हे मुलांना सांगायलाच हवं.

रापणकर: आमची आई खडे ‘वेचायची’, उरायचे ते तांदूळ ‘निवडलेले’. पाणी वेचतं, मादी निवडते, असं लिहून बघा.

खाजण: वेचणं फुलांचं. खड्यांचं नाही.

रापणकर: आमच्याकडे दोन्हींचं.