सक्तीचं सामान नाही, तर बिब नाही. पटतं का?

घसारा_प्रेमी
मागच्या डिसेंबरात पन्नास किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीत मी बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, वाटायला बसलो होतो. हेडटॉर्च, शिट्टी आणि दीड लिटर पाणी सक्तीचं होतं. एका पठ्ठ्यानं सॅक उघडली तर आत दोन केळी आणि मोबाइल. "टॉर्च मोबाइलला आहे की!" आयोजक म्हणाले, जाऊ द्या. सोडला. माझ्या मते अशाला तिथूनच घरी पाठवावं, फी बुडाली तरी. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत गारा-पाऊस आणि सोसाट्याच्या वाऱ्यात २१ धावपटू गारठून दगावले. वारा अडवणारं जाकीट तिथं सक्तीचं नव्हतं, 'सोबत असलेलं बरं' एवढंच.

कोकणकडा
गान्सू कुठं, वेल्हं कुठं! आपल्याकडे माणूस आडवा होतो तो उन्हानं. डिसेंबरातसुद्धा अकराला कातळ चटके देतो. यूटीएमबी ही आल्प्समधली शर्यत माँ ब्लाँ डोंगराला वेढा घालते, सुमारे १७० किलोमीटर, जवळपास १० हजार मीटर चढ. तिथं टोपीवाला रेनकोट आणि स्पेस ब्लँकेट, म्हणजे अंगातली ऊब धरून ठेवणारी ती चकचकीत पातळ चादर, हवंच. इथं ते ब्लँकेट कशाला, भाकरी गुंडाळायला? शिवाय यादी वाढली की गावातली पोरं गळतात. कॅनव्हासच्या बुटात ती तुमच्या-माझ्यापुढे पळतात.

घसारा_प्रेमी
शिट्टी जत्रेत दहा रुपयांना मिळते हो. ब्लँकेट काही पळताना घालायच्या सॅकवाल्या व्हेस्टसारखं हजारोंचं नाही, वजन पन्नास-साठ ग्रॅम. घामानं चिंब झालेला माणूस पाय मुरगळून पहाटे तीनला खिंडीत दोन तास बसला, तर त्याला हुडहुडी भरायला बर्फ पडावा लागत नाही.

धनगरवाडा
मी गडाखालचाच. दोघांचं वाचून हसू आलं. दोन वर्षांमागं रात्री कुत्री भुंकायला लागली म्हणून बाहेर आलो, तर कारवीत एक ताई उभी. टॉर्चचे सेल संपलेले, वाट दाखवायला बांधलेल्या फिती गुरांनी चघळलेल्या. आईनं चुलीपाशी बसवून कोरा चहा दिला, मी वाटेला लावून आलो. त्या गान्सूतसुद्धा सहा जणांना वाचवलं ते एका मेंढपाळानं, गुहेत नेऊन. यादी करा, पण वाडीतल्या चार पोरांना रात्रीची मजुरी आणि वॉकीटॉकी पण द्या. आम्हाला शर्यत आहे हे कळतं तेव्हा माणसं दारात उभी असतात.

कोकणकडा
धनगरवाडा, हे शंभर टक्के. टॉर्चचंही मान्य, जादा सेलसकट. रेनकोटला नाहीच. त्यापेक्षा ओआरएसची पाकिटं मोजून घ्या. नुसतं पाणी ढोसून रक्तातलं सोडियम उतरलेला, स्वतःचं नाव चुकीचं सांगणारा माणूस मी पाहिलाय.

घसारा_प्रेमी
ओआरएस घातलं यादीत. वाडीतल्या पोरांचं पुढच्या बैठकीत मांडतो, फी थोडी वाढेल, वाढू दे. रेनकोटवर मात्र आपलं जमणार नाही.

कोकणकडा
बरं, त्या केळीवाल्याचं काय झालं?

घसारा_प्रेमी
शेवटच्या टप्प्यात स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालत येणारा, मीच होतो. साडेसातला भेटला, मिट्ट काळोख, मोबाइल कधीच बंद पडलेला, उतारावर बुडावर बसून एकेक पाऊल सरकत होता. माझा जादा टॉर्च दिला. अजून परत आलेला नाही.