मदत हवी आहे: ऐकणाऱ्याच्या मनाला जसे वाटते तसे गाणे शोधून देता येईल का?

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या श्रोता मंडळाकडे जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह असून त्यात जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी अधिक आहे. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांना शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या या गावात ते साहजिकच आहे. गायक किंवा राग माहीत असेल तर मुद्रण लगेच सापडते, पण रागांची ओळख नसलेल्या श्रोत्यालाही 'प्रसन्न', 'गंभीर', 'हुरहूर लावणारे' एवढ्यावरून शोध घेता यावा, अशी आमची मनापासूनची इच्छा आहे.

सध्या श्रोते 'शांत–अस्वस्थ', 'प्रसन्न–खिन्न' अशा जोड्यांवर १ ते ७ गुण देतात. लय, आवाजाची तीव्रता आणि कोणता स्वर किती वेळ लागला हे संगणक मोजतो, आणि या मोजमापांवरून न ऐकलेल्या मुद्रणाच्या गुणांचा अंदाज बांधतो. अडचण सरासरीची आहे. मारवा रागाचे एकच मुद्रण ऐकून एका आजींनी 'शांत'च्या टोकाचा गुण दिला आणि शेजारच्या तरुणाने 'अस्वस्थ'च्या टोकाचा. सरासरी मधोमध आल्याने ते मुद्रण दोघांच्याही शोधात वर येत नाही. म्हणून सर्वांच्या गुणांवरून एक सामाईक अंदाज बांधून त्यात प्रत्येकाची दुरुस्ती करावी, असा विचार आहे. ही दुरुस्ती म्हणजे गुण केवळ वर-खाली सरकवणे पुरेल, की लय, तीव्रता यांचे वजनही व्यक्तिगणिक वेगळे धरावे? प्रत्येकाकडून मोजक्याच मुद्रणांना गुण मिळतील, तर ती मुद्रणे कशी निवडावीत?

दुसरी शंका षड्जाची, म्हणजे 'सा' या आधारस्वराची. प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी असल्याने स्वर मोजण्यापूर्वी षड्ज ठरवावा लागतो. जुन्या तबकड्यांत तानपुरा नीट ऐकू येत नाही, आणि सर्वाधिक लागलेला स्वर षड्ज मानावा तर मारव्यात षड्ज जपूनच लावतात. शिवाय मारवा आणि पूरिया या दोन रागांचे स्वर तेच. फरक रिषभ-धैवतावर जोर आहे की गंधार-निषादावर, यात आहे. षड्ज चुकला की हा फरकच हाती लागत नाही.

तबकडीवरचे गाणे तीनेक मिनिटांत संपते, पण मैफलीच्या मुद्रणात विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) भागांचा परिणाम अगदी वेगळा असतो, त्यामुळे तेथे तुकडे पाडूनच गुण घ्यावेत असे माझे मत आहे. भारतीय संगीतावर असे काम केलेल्या जाणकारांनी, विशेषतः षड्ज ओळखण्याच्या खात्रीच्या पद्धतीबद्दल, कृपया मार्गदर्शन करावे.