पालिका मंडळाच्या बैठकीत काय ठरणार, हे लोकांना बैठकीआधी कळायला नको का?

बाजारातला दुकानदार

माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या, बाजारापासून सुरुवात करतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथूनच बसला. आमची पालिका गोव्यातल्या तेरा पालिकांपैकी एक. नाव घेत नाही, दुसऱ्या गावचे लोकही हेच सांगतात. बाजारात आमचं दोन पिढ्यांचं पूजासाहित्याचं दुकान आहे. गेल्या चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे शटर उघडलं, तेव्हा नेहमीच्या जागेवर डोंगराकडच्या गावांतून आलेल्या बायका पाट्या उतरवत होत्या. कवंडळं, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस. सात वाजता पालिकेचे कामगार आले. यंदा इथे बसायचं नाही, बसस्थानकामागच्या मोकळ्या जागेत जा, म्हणाले. पाऊस पडत होता. त्या जागेत घोटाभर चिखल होता. माझ्या आईच्या वेळेपासून येणारी एक म्हातारी मला विचारत होती, "बाबा, हे ठरलं कधी?" पालिकेची इमारत माझ्या दुकानातून दिसते, तरी मला उत्तर देता आलं नाही.

मग मी माहिती हक्काखाली अर्ज केला. दहा रुपये भरले आणि इतिवृत्ताची प्रत हातात यायला जवळजवळ महिना गेला. हा निर्णय विषयपत्रिकेवर नव्हताच. शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने इतर विषय" असा मथळा असतो, त्याखाली इंग्रजीत एक ओळ होती. चर्चा काय झाली, कोणी विरोध केला, काही नाही. "सर्वानुमते मंजूर."

चतुर्थी कधी येणार हे वर्षभर आधी दिनदर्शिकेत छापलेलं असतं. मग तो ऐनवेळचा विषय कसा होतो? गटार उपसणं, चर्चच्या फेस्ताच्या फेरीतल्या (जत्रेतल्या) जागांची पावणी म्हणजे लिलाव, सोपोचा म्हणजे बाजारात बसायच्या कराचा ठेका, दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्रीची वाहतूक, हे सगळं दरवर्षी त्याच सुमाराला येतं. गावाचं रोजचं जगणं याच कामांवर चालतं आणि हीच कामं शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जातात.

माझं मागणं मोठं नाही. विषयपत्रिका आठ दिवस आधी पालिकेच्या फलकावर आणि लोकांच्या फोनवर यावी, आम्हाला वाचता येईल अशा भाषेत. ऐनवेळचा विषय फक्त आपत्तीसाठी असावा. आणि इतिवृत्त पंधरा दिवसांत बाहेर यावं, कोणी कुठल्या बाजूने हात वर केला हे त्यात असावं. थेट प्रक्षेपण झालं तर चांगलंच, पण आधी कागद. काय होणार हे आधी कळलं तर त्या बायका निदान नगरसेवकाकडे तरी गेल्या असत्या.

निवृत्त हेडक्लार्क

मी पालिकेच्या नोकरीत एकतीस वर्षं काढली. विषयपत्रिका टंकलेखन यंत्रावर काढल्या आहेत आणि संगणकावरही. तुमच्या म्हातारीबद्दल मला वाईट वाटतं, मनापासून. पण तुम्ही औषध चुकीचं सांगता.

विषयपत्रिका तयार कशी होते ते सांगतो. तांत्रिक विभाग, करवसुली, बाजार, आरोग्य यांच्या टिपणी मुख्याधिकाऱ्यांकडे येतात. नगराध्यक्षांशी बोलून विषय ठरतात. वीस विषय असतील तर त्यातले दहा-बारा आधीच झालेल्या कामांच्या कार्योत्तर मंजुरीचे असतात. पंप बिघडला, भाड्याने आणला, आता बिल मंजूर करा. यावर गावाने काय चर्चा करायची? निम्मे विषय मंडळासमोर यायलाच नकोत. मुख्याधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत अधिकार द्यावेत आणि महिन्याला खर्चाची यादी फलकावर लावावी. बैठकीत पाचच विषय आले तर त्यांच्यावर नीट बोलणं होईल.

ऐनवेळचे विषय बंद करा म्हणता. मार्चअखेरीला अनुदान परत जायची वेळ येते, वरून पत्र दोन दिवस आधी येतं, ठराव नसेल तर पैसे गेले. मी स्वतः असे पैसे जाताना पाहिले आहेत. नुकसान गावाचंच झालं.

आणि इतिवृत्ताची भाषा. ते लेखापरीक्षक वाचतात, पालिका प्रशासन संचालनालय वाचतं, उद्या कोर्टात जातं. एका शब्दाने ठेका अडतो. भाषांतर करणार कोण? त्यासाठी माणूस नाही.

प्रभाग माजी

मी एक मुदत नगरसेवक होतो. दोघंही बैठकीला फार महत्त्व देता, म्हणून लिहितो.

निर्णय बैठकीत होत नाहीत. आदल्या संध्याकाळी सत्ताधारी गट एकत्र बसतो, तिथे होतात. सभागृहात फक्त हात वर होतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या पालिकांच्या हातात आहे काय? 74वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहिले. गोव्यात पिण्याचं पाणी, वीज, मोठे रस्ते ही खात्यांची कामं. नियोजन नगरनियोजन खात्याकडे आणि विकास प्राधिकरणांकडे. पालिकेकडे कचरा, घरपट्टी, परवाने, बाजार, गटारं. मुख्याधिकारी सरकार पाठवतं आणि सरकारच बदलतं. कामाला लागतो तोवर बदलीचा आदेश येतो. ज्या मंडळाच्या हातात एवढंच आहे त्याची विषयपत्रिका सोन्याच्या अक्षरांत छापली तरी तुमच्या रस्त्यावरचा खड्डा तसाच राहणार.

दुसरं, लोक येत नाहीत. मी पाच वर्षं बैठकीला बसलो. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पत्रकार आणि एखादा ठेकेदार, बाकी कोणी नाही. लोक पालिकेत येतात ते स्वतःचा परवाना आणि ना हरकत दाखला घेण्यासाठी.

ग्रामसभेतला माणूस

प्रभाग माजी, लोक येत नाहीत कारण आलेल्या माणसाला तोंड उघडायची सोय नाही. मी पंचायतीच्या हद्दीत राहतो, माझा भाऊ पालिकेच्या हद्दीत. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक ओहोळ आहे. ओहोळाच्या या बाजूला मी रविवारी ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला विचारतो, या बांधकामाला परवाना कोणी दिला? पलीकडे माझा भाऊ अर्ज लिहितो आणि वाट बघतो. गोव्यातल्या 191 पंचायतींमधल्या माणसाला जो हक्क आहे तो म्हापसा-मडगावातल्या माणसाला नाही.

घटनेने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण सक्ती तीन लाख लोकसंख्येपासून पुढे. 2011 च्या जनगणनेत आपली सर्वांत मोठी पालिका मुरगाव, आणि तिची लोकसंख्या लाखाच्याही आत. म्हणजे गोव्यातल्या एकाही शहराला ती सक्ती लागत नाही. मुंबई-पुणे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या रेषेखाली आमची सगळी शहरं गेली. वर्षातून चार वेळा प्रभागसभा घ्या, कागद आपोआप बाहेर येतील.

निवृत्त हेडक्लार्क

ग्रामसभा मीही पाहिल्या आहेत. तेच दहा जण बोलतात, बायका मागे बसतात, अंधार पडेपर्यंत भांडण चालतं आणि शेवटी ठराव असा लिहिला जातो की त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. ते शहरात आणू नका.

मोगरी

काका, भांडण होतं म्हणून लोकांना बोलावू नका, हे मला पटत नाही. बायका मागे बसतात हे मात्र खरं, आणि म्हणूनच मी दुकानदार भाऊंच्याही पुढे जाते. नुसता कागद पुरणार नाही. मला कॅमेरा हवा आहे.

2021 मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं, कारण महिलांना एक-तृतीयांश जागा नीट दिल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला, आणि सरकारच्या सेवेतल्या अधिकाऱ्याला राज्य निवडणूक आयुक्ताचा अतिरिक्त कार्यभार देता येणार नाही, हेही बजावलं. एवढी लढाई होऊन बायका सभागृहात पोचल्या. मी दोन वेळा आमच्या पालिकेच्या बैठकीला जाऊन बसले. एका नगरसेविकेच्या प्रभागाचा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर दाराशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने दिलं. इतिवृत्तात तिच्या नावावर "सहमती" लिहिलं जाईल. कागदाला हे दिसत नाही. विधानसभेचं कामकाज घरी बसून बघता येतं, मग चाळीस आमदार जे सहन करतात ते वीस-पंचवीस नगरसेवकांना का नको?

प्रभाग माजी

मोगरी, नवऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही, माझ्या मंडळातही होतं. पण कॅमेऱ्याचा अनुभव सांगतो. एकदा एका स्थानिक वाहिनीचा माणूस बैठकीला आला. अर्ध्या तासाचा विषय अडीच तास चालला. प्रत्येकाला आपल्या प्रभागातल्या मतदारांना ऐकवायचं होतं. कचऱ्याच्या गाड्यांची निविदा पुढच्या बैठकीवर गेली आणि तीन आठवडे गाड्या भाड्याच्या चालल्या.

मोगरी

पहिल्यांदा कॅमेरा आला म्हणून. दर महिन्याला असला तर दहाव्या वेळी कोणी भाषण करणार नाही. आणि आदल्या संध्याकाळी गट बसून ठरवतो असं तुम्हीच सांगितलंत. मग त्या अडीच तासांत निदान सभागृहात चर्चा तरी झाली ना?

सत्तरीकर

भाषेवर एकच सांगतो, राजभाषेचा जुना वाद इथे नको. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीचा वापर करता येतो. माझी आई मराठी पेपर वाचते आणि घरात कोकणी बोलते. इंग्रजी इतिवृत्त तिला उपयोगाचं नाही. माटोळी घेऊन उतरणाऱ्या बायका आमच्याच गावच्या. त्यांना "बाजाराची जागा बदलण्याबाबत" एवढे तीन शब्द पुरले असते.

बाजारातला दुकानदार

सगळ्यांचं वाचलं. हेडक्लार्क काका, तुमचा एक मुद्दा मी घेतो. पंपाचं बिल आणि माटोळीची जागा एकाच यादीत आली की महत्त्वाचा विषय बुडतो, हे मी लिहिताना लक्षात घेतलं नव्हतं. अधिकार द्या, यादी लावा, मान्य.

पण भाषांतराला माणूस नाही हे कारण मी मान्य करणार नाही. 2005 च्या माहिती हक्क कायद्याचं चौथं कलम कोणी अर्ज करायची वाट बघायला सांगत नाही. मंडळाच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हे कार्यालयाने आपणहून जाहीर करायचं आहे. माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करा, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. गोव्याने तर देशाच्या आधी, 1997 मध्येच, स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता. इतक्या लवकर जागं झालेल्या राज्यात मी एका ओळीसाठी अर्ज करून महिनाभर वाट बघितली.

प्रभाग माजी, तुमच्या हातात थोडंच आहे हे खरं. पण मडगावच्या सोनसोडो कचराडेपोतला कचरा पालिकेच्याच हातात होता. 2019 मध्ये त्याला आग लागली, मडगावकरांनी धूर गिळला आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. थोडं असलं तरी माणसाच्या श्वासापर्यंत पोचतं. आणि 2022 मध्ये मडगावच्या नगराध्यक्ष निवडीत गुप्त मतदानात मतं फुटली, तेव्हा सरकारने वटहुकूम काढून हात वर करून मतदान आणलं. खुर्चीसाठी कोणाचा हात कुठे गेला हे पक्षाला कळायला हवं असेल, तर बाजाराच्या जागेसाठी कोणाचा हात कुठे गेला हे मला कळायला हवं.

प्रभाग माजी

हात वर करण्याचा मुद्दा बिनतोड आहे. नावानिशी मत लिहायला माझा विरोध नाही. माझ्या वेळी लिहिलं असतं तर दोन ठरावांवर मी वेगळं वागलो असतो, हेही कबूल करतो.

निवृत्त हेडक्लार्क

दुकानदार, चौथं कलम मला माहीत आहे. आमच्या कार्यालयात त्याची फाइल मीच उघडली होती आणि ती पुढे कोणी भरली नाही. ती माझीही चूक.

इतिवृत्त इंग्रजीतच राहावं हे माझं मत बदललेलं नाही. दोन भाषांत दोन प्रती झाल्या की उद्या ठेकेदाराचा वकील त्यातला फरक काढणार. पण विषयपत्रिकेचा गोषवारा वेगळा, त्याला कायद्याचं वजन नसतं. विषयाला एक ओळ, मराठीत आणि कोकणीत, खाली प्रभाग क्रमांक. एका माणसाचं तासाभराचं काम. आणि वर्षाचं कामपत्रक करा. गटारं एप्रिलमध्ये, फेस्ताच्या फेरीची पावणी तिच्या दीड महिना आधी, माटोळीच्या बाजाराची जागा चतुर्थीच्या दोन महिने आधी. त्या तारखेनंतर तो विषय "इतर विषयांत" घ्यायचाच नाही, असा ठराव करून घ्या. मार्चअखेरचं अनुदान मात्र सोडा.

ठरावाचा मसुदा मी लिहून देतो. तो मांडायला एक नगरसेवक तुम्ही शोधा.

मोगरी

मांडायला नगरसेविका मी आणते. नवरा दाराशी उभा राहणार नाही अशी.